टिकल्यांची बंदूक कुठे गेली?

सौंसर-पांढुर्ण्याकडच्या एखाद्या जुन्या घराचा माळा उतरवा. फुटका कंदील निघेल, पितळी डबा निघेल, आणि बहुतेक वेळा चाकांचा एक लाकडी नंदीही निघेल. त्याचा रंग तीनदा चढवलेला असेल, एक शिंग बदललेलं असेल, पण नंदी शाबूत असेल. त्याच घरातल्या त्याच पोट्ट्यांनी दिवाळीत हातात घेतलेली टिकल्यांची बंदूक मात्र निघणार नाही. पत्र्याचीही नाही, बिडाचीही नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांना लहानपणाबद्दल विचारलं तर पहिल्या पाचांत नाव येतं ते या बंदुकीचं. नंदीचं नाव क्वचितच निघतं. ज्याची आठवण सगळ्यांत जास्त, ती वस्तू सगळ्यांत कमी उरलेली, हा उलटा हिशेब समजून घेतल्याशिवाय जुन्या खेळण्यांच्या संग्रहाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

हा छंद आपल्याकडे अलीकडे वाढला आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, मुंबईच्या चोरबाजारात, जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन जाहिरातींत ‘व्हिंटेज’ शब्द लावून पत्र्याची मोटार, चावीचं माकड आणि अधूनमधून एखादी टिकल्यांची बंदूक विकायला येते. घेणारे बहुतेक पुरुष असतात, हाती थोडा पैसा आलेले, आणि ज्या गावातून बाहेर पडले त्या गावचं काहीतरी शोधणारे. अडचण अशी की त्यांना मिळते ती बंदूक बहुधा त्यांच्या गावची नसते. कधी ती इंग्लंडची निघते, कधी जपानची, आणि पुष्कळदा दहा-पंधरा वर्षांपूर्वीची चिनी, जिच्यावर मुद्दाम गंज चढवलेला असतो.

आमच्या भागात ही बंदूक कुठून येत होती, ते आधी पाहू. सौंसर आणि पांढुर्णा हे दोन्ही तालुके ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात आहेत. त्याआधी छिंदवाड्यात होते. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि हा मराठी बोलणारा, संत्री-कापूस पिकवणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. सरकारी कामाला छिंदवाडा किंवा भोपाळ, पण लग्नाचा बस्ता, दवाखाना, पोरांचे कपडे यांसाठी नागपूर, ही सवय काही राज्याच्या हद्दीनं मोडली नाही. सौंसरहून नागपूरला २०१५ पर्यंत नॅरोगेजची गाडी होती, पांढुर्णा तर दिल्ली-चेन्नईच्या मोठ्या लाइनवरच आहे. फटाके आणि खेळणीही याच वाटेनं येत: इतवारीच्या ठोक बाजारातून गावच्या किराणा-कटलरीच्या दुकानात, आठवडी बाजारात, जामसावळीच्या हनुमानाच्या जत्रेत. त्यामुळे ‘सौंसरची बंदूक’ अशी वेगळी चीज नव्हतीच. नागपूरच्या ठोक बाजारातून आलेली, कारखान्याचं नाव नसलेली, सुटी नव्हे तर डझनानं विकली जाणारी वस्तू होती ती.

प्रकार मात्र बरेच होते, आणि त्यांची उतरंड पोरांना पाठ असे. सगळ्यांत खाली दगड: ओट्यावर टिकली ठेवायची आणि दगडानं ठेचायची. त्याच्या वर नट-बोल्ट. दोन बोल्ट, मध्ये एक नट, त्यात टिकली, आणि सगळं वर फेकायचं; खाली पडलं की आवाज. त्यानंतर सुट्या टिकलीची पत्र्याची बंदूक, जिच्यात प्रत्येक वेळी घोडा मागे ओढून नवी टिकली बसवावी लागे आणि बोटाला लाल रंग लागे. त्यावर रोलवाली. रोल म्हणजे कागदाची अरुंद गुंडाळी, तिच्यात ठरावीक अंतरावर दारूचे ठिपके. चाप ओढला की आतला काटा पट्टी एक घर पुढे सरकवतो आणि घोडा ठिपक्यावर आपटतो, निदान आपटायला हवा. प्रत्यक्षात तीनांत एक बार फुसका जाई, पट्टी मध्येच अडके, आणि जळक्या कागदाची शेपटी बंदुकीच्या डोक्यावरून लोंबत राही. सगळ्यांत शेवटी आली लाल प्लॅस्टिकच्या कड्याची रिव्हॉल्व्हर, आठ किंवा बारा बारांची. ती आली तेव्हा ‘शोले’ (१९७५) पाहून झालेली पिढी मोठी झाली होती, पण खेळातला गब्बर अजून तोच होता.

या सगळ्यांत खरी करामत टिकलीची. तिच्यात मुख्यतः दोन पदार्थ असतात, तांबडा फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट. रसायनशास्त्रात याला आर्मस्ट्राँगचं मिश्रण म्हणतात. ते इतकं नाजूक असतं की नुसत्या घर्षणानं पेटतं, म्हणून कारखान्यात ते ओलं असतानाच कागदावर ठिपक्यांनी लावतात आणि मग वाळवतात. हीच जोडी आगपेटीतही असते, पण तिथे दोघांना वेगळं ठेवलेलं असतं: क्लोरेट काडीच्या टोकाला, फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीवर. काडी ओढणं म्हणजे त्या दोघांची क्षणभर गाठ घालून देणं. टिकलीत ती गाठ आधीच घातलेली असते. दोन्ही वस्तूंचं गाव एकच असावं यात म्हणूनच आश्चर्य नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे चुलतभाऊ कलकत्त्याला जाऊन आगपेट्या बनवायला शिकून आले; १९४० नंतर परवाने मिळू लागले तसं त्याच गावानं फटाक्यांत पाऊल टाकलं. कोरडी हवा, कोरडवाहू शेतीतून मोकळे झालेले हात आणि छपाईचा धंदा एका जागी असल्यामुळे टिकल्यांच्या गोल डबीवरचं चित्रही तिथंच छापलं जाई.

कायद्यानंही आगपेटी-टिकलीच्या या जोडगोळीला एकत्रच पाहिलं आहे. २७ जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेनं केंद्र सरकारनं गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेली स्फोटकं बनवायला, बाळगायला आणि आयात करायला बंदी घातली. अपवाद तीनच ठेवले: शास्त्रीय कामासाठी थोडं प्रमाण, आगकाड्यांची टोकं, आणि खेळण्यातल्या पिस्तुलाच्या कागदी टिकल्या. एवढ्या कडक कागदात पोरांच्या टिकलीला वेगळी जागा मिळाली, याची गंमत वाटते. सरकारी भाषेत बालपणाला दिलेली ही सूट बहुधा आपल्या कुठल्याच बालसाहित्यात नोंदली गेलेली नाही.

आता पश्चिमेकडे पाहू, कारण संग्राहकांचे सगळे नियम तिकडून आलेले आहेत. अमेरिकेत ही बंदूक यादवी युद्धाच्या आगेमागे, १८६० च्या दशकात रुजली. खऱ्या बंदुकीत त्या काळी आघातानं पेटणाऱ्या टोप्या वापरत, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. कनेक्टिकटमधल्या क्रॉमवेलची स्टीव्हन्स ही कंपनी बिडाच्या ओतीव बंदुका करी. पुढे हबली, किलगोर, केंटन अशी नावं आली. केंटननं १९३० च्या दशकाअखेर सिनेमातला गाणारा काउबॉय जीन ऑट्री याच्या नावाची बंदूक काढली आणि बुडत चाललेला कारखाना तिनं तारला. दुसऱ्या महायुद्धात धातू लढाईकडे वळला, खेळणी थांबली. युद्धानंतर बिडाची जागा जस्ताच्या मिश्रधातूनं घेतली आणि दूरदर्शन संचावरच्या काउबॉय मालिकांनी १९५० चं दशक या बंदुकांचं सुवर्णयुग केलं. इंग्लंडात लोन स्टार कंपनीनं तोच माल काढला. जपाननं पत्रा वापरला. १९४७ ते १९५२ या काळातल्या जपानी खेळण्यांवर ‘व्याप्त जपान’मध्ये बनल्याचा इंग्रजी शिक्का असतो, आणि संग्राहकाला वर्ष ठरवायला तो फार उपयोगी पडतो.

तिकडच्या संग्राहकाकडे तीन गोष्टी असतात: कंपनीचं नाव ओतीव धातूतच कोरलेलं, वर्षावर्षाचे छापील कॅटलॉग, आणि मूळ खोका. खोका असला तर किंमत कित्येक पट होते, आणि ‘न वाजवलेली’ बंदूक सगळ्यांत महाग. हे शेवटचं कलम नुसती हौस म्हणून सोडून देता येत नाही. टिकली फुटली की क्लोराइडचा क्षार आणि फॉस्फरसाचं आम्ल मागे उरतं. दोन्ही हवेतली ओल ओढतात आणि घोडा जिथे आपटतो नेमकी ती जागा खातात. म्हणजे प्रत्येक बारागणिक बंदूक थोडी मरते. मनसोक्त खेळलेल्या पोराची बंदूक टिकत नाही. जी संग्रहात चमकते ती कुणीतरी न खेळता ठेवून दिलेली असते, नाहीतर दुकानातून कधी उठलीच नाही अशी. बालपणाची म्हणून काचेत ठेवलेली वस्तू ही बालपणानं न हाताळलेली वस्तू असते, हा विरोधाभास या छंदाच्या मुळाशीच आहे. अमेरिकी संग्राहक तो हसून पचवतात. मला तो पचत नाही, पण तो माझा स्वभाव.

आमच्या पत्र्याच्या बंदुकीपाशी यातलं काहीच नव्हतं. नाव नाही, कॅटलॉग नाही, खोकाही नाही; दुकानात ती सुतळीला टांगलेली असायची. पत्रा पातळ, दोन अर्धुकं एकमेकांत कान दुमडून अडकवलेली, त्यातही पुष्कळदा जुन्या डब्यांचा किंवा चुकलेल्या छपाईचा पत्रा उलटा करून वापरलेला, म्हणजे वाकवून उघडली की आत तेलाच्या डब्याचं अर्धं फूल दिसायचं. श्रावणात ओल, दिवाळीत दारू, उन्हाळ्यात भंगारवाला. आणि भंगारवाला आला की मोडकी बंदूक, फुटकी बादली, गंजके खिळे एकाच तराजूत. त्या बदल्यात कुल्फी किंवा मुरमुऱ्याचा लाडू. पोराला सौदा फायद्याचाच वाटे, कारण पुढच्या दिवाळीला नवी मिळणार हे ठरलेलं. वस्तू स्वस्त असणं आणि दरवर्षी नवी येणं, या दोन गोष्टींनी तिचा मागमूस पुसला. कायद्याच्या दृष्टीनंही तिला कुणी वाली नाही: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याला शंभर वर्षांचं वय लागतं, आणि इतवारीच्या पत्र्याला शंभर वर्षं कोण मोजणार?

नंदीचं नेमकं उलटं घडलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात आणि आमच्या या मराठी पट्ट्यात तान्हा पोळा भरतो. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी फिरले, आज लेकरांचे लाकडी बैल. नागपूरकर भोसल्यांच्या दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं सांगतात. पोरं धोतर-फेटा बांधून, नंदीला झूल, बेगड, घुंगरू लावून तोरणाखाली रांगेत उभी राहतात, मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. हातभर उंचीचा सागवानी नंदी असेल तर त्याला किंमतही बरी पडते, म्हणून तो थोरल्याकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून भाच्याकडे जातो. वर्षातून एकदा माळ्यावरून उतरतो, रंगतो, चाकांना तेल मिळतं, पुन्हा वर जातो. त्याला जपायचं असं कुणी ठरवलेलं नसतं. दरवर्षी लागतो म्हणून राहतो. प्रवरेच्या खोऱ्यात दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या बैलगाडीबद्दल अभ्यासक अजून वाद घालतात की ती खेळणं की पूजेची वस्तू. आमच्या नंदीकडे पाहिलं तर या दोहोंत कुंपण घालायची एवढी घाई कशाला, असं वाटतं.

त्याच दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच, पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा एका काठाला, सावरगाव दुसऱ्या काठाला, मध्ये पात्रात रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. झेंडा काढायला धावणाऱ्यांवर दोन्ही बाजूंनी दगड. दरवर्षी शेकड्यांनी लोक जखमी होतात, आजवर जीवही गेले आहेत. दगड थांबावेत म्हणून प्रशासनानं एकदा रबरी चेंडू वाटून पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला ठेवले आणि दगड उचलले. बालपणीच्या खोट्या शस्त्रांवर लिहिणाऱ्यानं हा प्रसंग विसरता कामा नये. खेळण्यातली बंदूक मुलाला हिंसक करते की त्याच्यातली मारामारीची हौस निभावून नेते, हा वाद जगभर जुना आहे. स्वीडननं १९७९ मध्ये दुकानदारांशी करार करून युद्धखेळणी दुकानांतून काढून घेतली. मुलांच्या संगोपनावर लिहिणारे अमेरिकी डॉक्टर बेंजामिन स्पॉक आधी या खेळाकडे काणाडोळा करत आणि १९६८ च्या आवृत्तीत त्यांनी मत बदललं. पांढुर्ण्याचा दाखला दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. इथं खोटं शस्त्र हातात दिलं तरी मोठ्या माणसांनी खरंच मागितलं, आणि त्याच गावातली लेकरं त्याच दुपारी लाकडी बैल ओढत बोजारा मागत फिरत होती. मला वाटतं, बंदूक हातात असणं-नसणं इतकं निर्णायक नसतं. त्या दिवशी गाव कशाला मर्दुमकी म्हणतं, त्यावर पुष्कळ ठरतं.

स्मरणरंजनाला एक टोचणी आवश्यक आहे, तीही आमच्याच राज्यातून मिळते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ‘कार्बाइड गन’ नावाचा प्रकार बाजारात आला. प्लॅस्टिकचा पाइप, आत कॅल्शियम कार्बाइड, त्यावर पाणी. तयार होणारा ॲसिटिलीन वायू ठिणगीनं पेटवायचा. न पेटली तर पोरगं नळीत डोकावतं, आणि नेमकी तेव्हाच ती पेटते. भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेरकडे कितीतरी मुलांचे डोळे गेले किंवा अधू झाले, मग विक्रीवर बंदी आली. आमच्या वेळी असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. खरं तर आमच्या वेळीही गंधक-पोटॅश ठासून लोखंडी नळी भिंतीवर आपटणारी पोरं होती, बोटं भाजलेली होती. १९९२ ची बंदी काही हवेतून आली नव्हती. टिकली तुलनेनं निर्धोक होती, कारण तिच्यातली दारू चिमटीतही येणार नाही एवढी होती. तरी संग्राहकानं आठवणीतून सगळी दिवाळीच सोज्वळ करून टाकू नये.

वस्तू टिकते कशी या प्रश्नाकडे परत येऊ. बस्तरकडे जगदलपूरला गोंचाच्या रथयात्रेत बांबूची तुपकी वाजते. बांबूची नळी, एक दट्ट्या, आणि दारूच्या जागी मालकांगणीची हिरवी फळं. दाबली की ‘फट्’ आणि फळाचा तिखट वास. जगन्नाथाला ही सलामी असते, मुलंमाणसं एकमेकांवरही नेम धरतात. ती दरवर्षी नवी कापतात आणि सण झाला की टाकून देतात. तरी ती हरवत नाही, कारण ती करायची कशी हे शेकडो हातांना माहीत आहे. म्हणजे टिकून राहायला दोन वाटा दिसतात: नंदीसारखी वस्तू पुढे सरकते, नाहीतर तुपकीसारखं कसब. पत्र्याच्या बंदुकीला दोन्ही मिळालं नाही. वस्तू भंगारात गेली, आणि साचा-पंच असलेले छोटे कारखाने प्लॅस्टिक आल्यावर बसले. १ एप्रिल २००१ ला आयातीवरची संख्याबंधनं उठली आणि चिनी माल आला, उरलंसुरलं त्यानं संपवलं. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० वरून ६० टक्के झालं, १ जानेवारी २०२१ पासून आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. त्यानं देशी कारखानदारीला थोडी जागा मिळाली, पण ती प्लॅस्टिकच्या छर्रेवाल्या बंदुकीला. पत्रा परत आला नाही.

ज्या भारतीय खेळण्याला कंपनी होती, त्याचं काय होतं तेही बघण्यासारखं आहे. एमआरएफ आणि अमेरिकी हॅसब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये फनस्कूल निघाली, कारखाना गोव्यात. तिथे बनलेले जी. आय. जो सैनिक आज परदेशी संग्राहक शोधत फिरतात, कारण अमेरिकी साच्यांना इथं भलतेच रंग दिले गेले. आपल्याकडच्या पोरांनी पिवळ्या-जांभळ्या सैनिकात काही वावगं पाहिलं नव्हतं. तिकडच्या जाणकाराला तीच दुर्मिळता वाटते. पाकिटावर नाव, मालिका, क्रमांक होता म्हणून हे शक्य झालं.

तेव्हा सौंसरच्या माणसाला संग्रह करायचाच असेल, तर चमकदार लोन स्टार विकत घेण्यापेक्षा दुसरं काम आधी हाती घ्यावं. नागपूरच्या इतवारीत आणि आपल्या गावात जे म्हातारे दुकानदार अजून गादीवर बसतात, त्यांच्याकडून लिहून घ्यावं: माल कुणाकडून यायचा, डझनाचा भाव काय, पत्रा कुठे ठोकला जायचा, रोल केव्हा बंद झाला, कडं केव्हा आलं. त्यांच्या जुन्या वह्यांत हे सापडण्याची शक्यता बंदूक सापडण्यापेक्षा जास्त आहे. टिकल्यांच्या रिकाम्या डब्या घ्याव्यात. बंदुकीवर नाव नसलं तरी डबीवर छाप असतो. बटणांसाठी, सुयांसाठी त्या आजीच्या शिलाईच्या पेटीत जातात, म्हणून शोध तिथून सुरू करावा. मोडकी, अर्धी, गंजकी बंदूक मिळाली तर ती चकाकवू नये, कोरड्या फडक्यानं पुसून ठेवावी. आतल्या बाजूची छपाई पाहावी, फोटो घ्यावा, तिच्यावरून पत्रा कुठला हे कधी कळू शकतं. आणि भरलेली जुनी डबी मिळालीच तर ती काचेच्या कपाटात बंदुकीशेजारी ठेवू नये. कागद जुना झाला तरी आतलं मिश्रण घासण्या-आपटण्याला तेवढंच तयार असतं. स्फोटक म्हणून ती टपालानं पाठवता येत नाही, विमानात नेता येत नाही. बंदूकही विमानाच्या केबिनमध्ये चालत नाही, ती सामानातच द्यावी लागते. रिकामी बंदूक पुण्याहून कुरिअरनं सौंसरला येईल. टिकल्या मात्र गावच्याच दुकानातून आणाव्या लागतील, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, परवाना असलेल्याकडून.